हेल्प फाइलमध्ये सर्च असताना इंडेक्स कशाला?

सॉफ्टवेअरच्या हेल्प फाइलमध्ये सर्च दिलाय, मग इंडेक्स (शब्द आणि त्यांची पानं दाखवणारी सूची) बनवण्यात वेळ का घालवायचा, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते घालवायचाच. दोन्हींतलं एकच जमणार असेल, तरी मी इंडेक्स निवडेन.

सर्चला फक्त पानावर असलेले शब्द सापडतात. पानावर 'नोंद रद्द करणे' लिहिलंय आणि वापरणाऱ्याने 'डिलीट' टाइप केलं, तर हाती काही लागत नाही. उलट 'फाइल' टाकलं तर अर्धी हेल्प समोर येऊन पडते. इंडेक्समध्ये 'डिलीट', 'पुसणे', 'काढून टाकणे' या तिन्ही नोंदी त्याच पानाकडे वळवता येतात, मग पानावर यातला एकही शब्द नसला तरी चालतं. हे शब्द सपोर्टला आलेल्या ईमेलमधून उचला. प्रोग्रामरला विचारू नका, तो मेनूतलेच शब्द सांगेल!

एकाच नोंदीखाली बरीच पानं जोडली, तर सीएचएममध्ये (विंडोजच्या .chm हेल्प फाइलमध्ये) त्यांच्या शीर्षकांची यादी असलेली छोटी खिडकी उघडते. तिथे चार वेळा 'माहिती' असं दिसलं तर वाचणारा काय निवडणार? म्हणून शीर्षकं आधी सुधारा. आणि 'प्रिंट'खाली पंधरा पानं कोंबण्यापेक्षा 'प्रिंट: मार्जिन', 'प्रिंट: ठरावीक पानं' अशा पोटनोंदी करा.

सर्चबद्दल एक तांत्रिक गोष्ट. एचटीएमएल हेल्प वर्कशॉपमध्ये, म्हणजे सीएचएम बनवायच्या प्रोग्राममध्ये, सर्चचा टॅब दाखवणं आणि फुल-टेक्स्ट सर्चची (सगळ्या मजकुरात शोधण्याची) माहिती फाइलमध्ये कंपाइल करणं ही दोन वेगळी सेटिंग्ज आहेत. दुसरं प्रोजेक्ट ऑप्शन्समध्ये कंपायलर टॅबवर आहे. ते राहिलं की टॅब दिसतो, पण काहीही शोधा, सापडत नाही. अँड, ऑर, निअर, नॉट हेही या सर्चमध्ये चालतं, पण ते वापरणारे विरळाच.

मजकूर मराठीत असेल तर मात्र सीएचएमच्या नादी लागू नका. हा 1997 सालचा फॉरमॅट. त्याचा इंडेक्स आणि सर्च सगळ्या लिपी सामावणाऱ्या युनिकोडवर नाही, जुन्या कोडपेजवर (ठरावीक लिपींपुरत्या अक्षरांच्या तक्त्यावर) चालतो, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी तसं कोडपेजच नाही. पानं व्यवस्थित दिसतात, म्हणून हा घोळ शेवटपर्यंत लक्षात येत नाही. त्यापेक्षा ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या साध्या एचटीएमएल पानांची हेल्प करा. स्फिंक्ससारखं अशी पानं तयार करणारं साधन घेतलंत तर पानात टाकलेल्या इंडेक्स खुणांवरून ते इंडेक्सचं वेगळं पान बनवतं, सर्चही देतं. त्या सर्चमध्ये मराठीची विभक्तिरूपं जुळतील असं मात्र धरून चालू नका. 'फाइल' आणि 'फाइलीत' दोन्ही टाकून बघा, आणि जे सापडत नाही ते इंडेक्समध्ये घाला.