स्टेडियमशेजारी मोठा पुनर्विकास होणार आहे, आत्ताच तिथे फ्लॅट घेऊन ठेवावा का?

तुमच्या शहरात बेसबॉल स्टेडियमला लागून असलेल्या मोकळ्या जागेचा पुनर्विकास जाहीर झाला आहे आणि भाव वाढण्याआधी शेजारी फ्लॅट घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. घेऊ नये. निदान चित्रे पाहून तरी घेऊ नये. मी घेतला होता, आणि त्यावरून आमच्याकडे आजही दर दिवाळीला वाद होतो.

मी अमेरिकेत सेंट लुईसमध्ये राहतो. इथल्या कार्डिनल्स या बेसबॉल संघाचे 1966 सालचे जुने बुश स्टेडियम 2005 च्या अखेरीस पाडण्यात आले आणि एप्रिल 2006 मध्ये त्याला लागूनच दक्षिणेकडे नवे सुरू झाले. जुने जिथे होते तिथे घरे, कार्यालये व दुकाने असलेले ‘बॉलपार्क व्हिलेज’ उभे राहणार होते. (त्याही आधी या परिसरात हॉप अ‍ॅली नावाची चिनी वस्ती होती. 1960 च्या दशकात जुन्या स्टेडियमसाठी ती जमीनदोस्त झाली, तेव्हाही शब्द पुनर्विकास हाच होता.)

2006 च्याच ऑक्टोबरात संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचे अजिंक्यपद, जिंकली आणि सगळे शहर लाल शर्ट घालून हिंडत असताना मी एका जुन्या गोदामाच्या फ्लॅट केलेल्या इमारतीत सहाव्या मजल्यावर जागा पाहायला गेलो. दलालाने मला खिडकीपाशी उभे केले आणि एक रंगीत चित्र काचेवर असे धरले की, खाली जिथे पाडलेल्या स्टेडियमचा खड्डा होता तिथे बरोबर झाडे, कारंजे आणि बाबागाडी ढकलणारी एक बाई आली. माझे मेहुणे तेव्हा म्हणाले होते की, उपनगरात अंगण असलेले घर घ्या. मी त्यांना दूरदृष्टी नसलेला माणूस ठरवून मोकळा झालो.

2008 च्या उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून आले. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. आदल्या रात्री धो-धो पाऊस पडल्यामुळे खड्ड्यात पाणी साचले होते. संघमालक बिल डेविट यांच्या नावावरून लोक त्या तळ्याला ‘लेक डेविट’ म्हणू लागले होते. बाबा जाळीच्या कुंपणाला धरून बराच वेळ आत पाहत राहिले आणि त्यांनी एवढेच विचारले, “पाणी उपसायचा पंप कुठे आहे?” पंप कुठेच नव्हता. “मग इथे कुणाला घाई नाही. ज्याला पाया भरायचा असतो, तो पाणी साचू देत नाही.”

पुढे तसेच झाले. एका मोठ्या कंपनीचे मुख्यालय तिथे येणार होते, तो बेत फिसकटला. मंदीत कर्जे आटली. 2009 साली निवडक खेळाडूंचा वार्षिक ऑल-स्टार सामना शहरात आला तेव्हा त्या जागेवर सॉफ्टबॉलचे मैदान आणि पार्किंग करून वेळ मारून नेण्यात आली. मुलीच्या शाळेसाठी 2012 साली मी फ्लॅट तोट्यात विकला. फेब्रुवारी 2013 मध्ये भूमिपूजन झाले, मार्च 2014 मध्ये पहिला टप्पा उघडला, आणि त्यात मुख्यतः खाण्यापिण्याची ठिकाणे व संघाचे संग्रहालय होते. 29 मजली निवासी इमारत, हॉटेल आणि कार्यालये यायला 2020 साल उजाडले, आणि त्या वर्षी सामनेच प्रेक्षकांविना झाले.

म्हणून, चित्रातल्या कोणत्या गोष्टी पहिल्या टप्प्यात आहेत आणि त्या वेळेत झाल्या नाहीत तर दंड काय, हे करारात वाचल्याशिवाय एक डॉलरही गुंतवू नका. सॅन डिएगोत 2004 साली पेट्को पार्क हे बेसबॉल स्टेडियम झाले, तेव्हा आसपासच्या बांधकामाची हमी संघमालकाकडून करारातच घेतलेली होती, आणि तिथला ईस्ट व्हिलेज भाग खरोखरच उभा राहिला. शिवाय अशा प्रकल्पांमध्ये वाढीव कराचा मोठा हिस्सा बहुधा प्रकल्पाच्याच खर्चाकडे वळवला जातो, तेव्हा परिसर भरभराटीला येईल तशा शाळाही सुधारतील असे धरून चालू नका. घरच्या मैदानावरचे सामने वर्षाला 81 असतात. त्या दिवशी स्वतःच्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही, हे दलाल सांगत नाही.

अर्थात तुम्ही भाड्याने राहणार असाल आणि तुम्हाला बेसबॉल खरोखर आवडत असेल, तर यातले बरेचसे तुम्हाला लागू नाही. तुमच्या शहराचा करारही मी पाहिलेला नाही.

आमचे मेहुणे आता म्हणतात की, मी आणखी दोन वर्षे थांबायला हवे होते. ते हे 2012 साली म्हणाले नव्हते. 2014 साली, पहिला टप्पा उघडल्यावर, तिथेच बसून बर्गर खाताना म्हणाले.