वाचकांचे प्रश्न : इंजिन बंद केल्यावरची उष्णता

प्रश्न : भोसरीतून ट्रकचा जुना टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा भाग) आणून आम्ही एलपीजीवर चालणारे छोटे जेट इंजिन बनवले. पाच वेळा छान चालले. सहाव्यांदा शाफ्ट हातानेही हलेना. उघडले तर बेअरिंग काळेकुट्ट. ऑइलचे प्रेशर ३ बार होते, मग चुकले कुठे?
– विद्यार्थी गट, आकुर्डी

उत्तर : प्रेशर ठीकच आहे. गॅस आणि ऑइलपंप एकाच स्विचने बंद करता का? बहुधा करत असाल. इंजिन चालू असताना बेअरिंगची उष्णता तेल वाहून नेते. बंद केल्यावर मात्र टर्बाइनचे, म्हणजे गरम वायूने फिरणारे, चाक अजून ५००-६०० अंश सेल्सिअसला असते आणि ती उष्णता शाफ्टमधून बेअरिंगकडे सरकते. तिथे अडकलेले थोडेसे तेल जागीच करपते, जुन्या कढईच्या काठावर बसते तसे. बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. दर वेळी थर थोडा वाढला आणि सहाव्यांदा जागाच उरली नाही. कात्रजचा घाट चढून आलेला जाणता ड्रायव्हर लगेच चावी काढत नाही, मिनिटभर गाडी न्यूट्रलला चालू ठेवतो, ते याचसाठी.

आता असे करा. ऑइलपंपाला वेगळा स्विच आणि वेगळी बॅटरी द्या. बंद करण्याआधी इंजिन दोन-तीन मिनिटे अगदी कमी गॅसवर चालवा. गॅस तोडल्यावर कंप्रेसरच्या (हवा आत ओढून दाबणाऱ्या भागाच्या) तोंडाशी ब्लोअर धरून एक्झॉस्टचे तापमान १५० अंशांखाली येईपर्यंत हवा मारा आणि पंप त्यानंतरही दहा मिनिटे चालू ठेवा. नवा टर्बो घेणार असाल तर पाण्याने गार होणारा शोधा.

तेल परत नेणारा पाइपही तपासा, कारण निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच सापडते. तेल आत प्रेशरने जाते, बाहेर पडते ते फक्त स्वतःच्या वजनाने. पाइप निदान पाऊण इंची, शक्यतो सरळ खाली उतरणारा हवा. मध्ये झोळ पडला की तेल तुंबते, सीलमधून टर्बाइनकडे गळते आणि मागून पांढऱ्या धुराचे लोट येतात.

पुन्हा सुरू करण्याआधी अर्धा मिनिट नुसती हवा मारून साचलेला गॅस घालवा. आणि चाकाच्या रेषेत, म्हणजे टर्बोच्या बाजूला, कोणीही उभे राहू नये. चाक फुटले तर तुकडे तिकडेच जातात.

प्रश्न : लोहगावहून दिल्लीला जाताना विमान मागे ढकलल्यावर इंजिनाचा फिरण्याचा आवाज बराच वेळ येत होता, पण ते सुरू होत नव्हते. बिघाड समजावा का?
– एक प्रवासी, विमाननगर

उत्तर : नाही. वरच्या टर्बोतली उष्णता इथे वेगळा खेळ करते. इंजिन थांबले की आतली गरम हवा वर चढते. रोटरचा, म्हणजे इंजिनातल्या फिरणाऱ्या भागाचा, वरचा भाग गरम राहतो, खालचा आधी निवतो आणि अख्खा रोटर केसभर वाकतो. दोन उड्डाणांमधल्या थोड्या मुक्कामात हा त्रास होतो. रात्रभर उभ्या विमानात दोन्हीकडचे तापमान एक झालेले असते. वाकलेला रोटर तसाच वेगात फिरवला तर थरथर होते आणि पात्यांची टोके भोवतीच्या कवचाला घासतात. म्हणून इंधन न सोडता इंजिन आधी हवेवर हळू फिरवतात. रोटर सगळीकडून सारखा निवला की सरळ होतो, मग इंधन. ए-३२० निओसारख्या विमानांच्या नव्या इंजिनांत हे नेहमीचेच.

प्रश्न : जेट इंजिनातला वायू धातू वितळेल इतका तापतो म्हणतात. मग पाती टिकतात कशी?
– वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : वायू १५०० अंशांच्या वर जातो आणि पात्याचा निकेल-मिश्रधातू साधारण १३५० अंशांना वितळतो, हे खरे. पण पाते पोकळ असते. कंप्रेसरकडून चोरून आणलेली हवा त्याच्या आतून वाहते आणि अंगावरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांतून बाहेर येऊन पात्यावर चादर पांघरते. ही ‘गार’ हवाही सहाशे अंशांच्या आसपास असते! वर झिर्कोनिया या उष्णता अडवणाऱ्या पदार्थाचा पातळ लेप असतो तो वेगळाच. धुळीच्या प्रदेशात मात्र बारीक वाळू आत वितळून काचेसारखी चिकटते, छिद्रे बुजवते, आणि जिथली चादर गेली तिथे पाते आधी जळते.