‘विज्ञान शाखा नाही, मग पर्यावरणातलं पदव्युत्तर झेपेल का?’

पर्यावरणाशी संबंधित पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये एक धास्ती सर्रास दिसते. "माझी पदवी विज्ञानाची नाही. मला हे झेपेल का? आणि झेपलं तरी त्या क्षेत्रात मला कोण विचारणार?" अशीच धास्ती घेऊन आलेल्या एका बाईंची हकिकत इथे सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पस्तिशीच्या आसपास, शिक्षण वाणिज्य शाखेचं, नोकरी एका बांधकाम कंपनीच्या मंजुरी विभागात. खर्चाचे अंदाज आणि कागदपत्रं सांभाळणं हे त्यांचं काम. प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांचे जाडजूड अहवाल त्यांच्या टेबलावरून पुढे जायचे. आधी त्या नुसती परिशिष्टं जागेवर आहेत ना एवढंच तपासत. मग वाचायला लागल्या आणि प्रश्न पडायला लागले. त्यातूनच पर्यावरणीय निर्णयप्रक्रिया या विषयातला दूरशिक्षणाचा एक अभ्यासक्रम त्यांनी शोधून काढला. अर्ज भरून तयार होता, पण पाठवायला हात धजत नव्हता. घरचे म्हणत होते, आधी विज्ञानाची पदवी तरी कर. एक सहकारी म्हणाला, "निर्णय घ्यायला कोणी पदवी घेतं का?"

हे दुसरं वाक्य त्यांना जास्त लागलं होतं, कारण त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. म्हणून मी आधी तेच हातात घेतलं.

मी त्यांना एक कोरा कागद दिला आणि म्हटलं, "समजा, कचरा प्रक्रिया केंद्रासाठी तीन जागा आहेत. चार निकष धरू: खर्च, वस्तीपासूनचं अंतर, भूजलाची सुरक्षितता आणि आसपासच्या जीवसृष्टीची सुरक्षितता. प्रत्येक जागेला दहापैकी गुण देऊ. गुण जास्त म्हणजे जागा चांगली." पहिल्या जागेला आम्ही ९, ६, ३, ५ असे गुण दिले, दुसरीला ५, ७, ८, ५ आणि तिसरीला ६, ३, ७, ६. खर्चाला ४० टक्के महत्त्व आणि उरलेल्या तिन्ही निकषांना प्रत्येकी २०. त्यांनी कॅल्क्युलेटर न घेता उत्तर काढलं: पहिली जागा ६.४, दुसरी ६, तिसरी ५.६. पहिली जागा जिंकली.

"आता खर्चाचं महत्त्व २५ करा आणि भूजलाचं ३५. बाकी काहीही हलवू नका."

त्यांनी पुन्हा हिशेब केला. पहिली ५.५, दुसरी ६.४५, तिसरी ५.७५. त्यांनी बेरीज परत तपासली आणि म्हणाल्या, "मॅडम, जागांचे गुण तेच आहेत, तरी पहिली थेट शेवटी गेली." थोडं थांबून त्यांनीच विचारलं, "मग ही टक्केवारी ठरवायची कोणी?"

त्यांच्या सहकाऱ्याला द्यायचं उत्तर या प्रश्नात होतं. निकष कुठून येतात, त्यांना किती महत्त्व द्यायचं हे कोण ठरवतं, ज्यांच्या विहिरीचं पाणी बिघडणार आहे ते त्या टेबलाशी बसलेत का, आणि अहवालातली अनिश्चितता निर्णयात कशी धरायची, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे हा विषय. त्यांनी आणखी एक गोष्ट हेरली, आणि ती बहुतेकांना पहिल्या बैठकीत दिसत नाही. पहिल्या पद्धतीत खर्चातले ९ गुण भूजलातल्या ३ गुणांची भरपाई करत होते. स्वस्तपणाने दूषित पाण्याची भरपाई होऊ द्यायची का? होऊ द्यायची नसेल, तर सरासरी काढण्याआधीच भूजलासाठी एक किमान रेषा आखावी लागते, आणि तिच्या खालची जागा यादीतूनच बाद होते. ज्या बाईंनी वर्षानुवर्षं ताळेबंद पाहिले आहेत, त्यांना बेरजेत काय दडतं हे शिकवावं लागत नाही.

आता खऱ्या धास्तीकडे, म्हणजे विज्ञानाकडे. इथे मी कुणालाही खोटा दिलासा देत नाही. पर्यावरणशास्त्र, पर्यावरण अभियांत्रिकी, पर्यावरण व्यवस्थापन, पर्यावरण धोरण आणि पर्यावरणीय निर्णयप्रक्रिया ही नावं एका ओळीत वाचली तर सारखीच वाटतात, पण आतला अभ्यास फार वेगळा असतो. तुम्हाला नदीच्या पाण्याचे नमुने तपासायचे असतील, हवेतल्या प्रदूषकांचा प्रसार संगणकावर मांडायचा असेल किंवा पक्ष्यांची पाहणी करायची असेल, तर विज्ञानाची पदवी लागणारच, आणि तिथे घरच्यांचं म्हणणं बरोबर आहे. निर्णयप्रक्रियेच्या अभ्यासात हे सगळं करायचं नसतं. इतरांनी केलेलं वाचून त्याला नेमके प्रश्न विचारता यावे लागतात. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने हा विषय प्रणाली-विचाराच्या अंगाने शिकवला आहे. त्यात प्रश्नाशी जोडलेली माणसं, पैसा, पाणी, कायदा यांचे परस्परसंबंध आकृत्यांमधून मांडायला शिकवतात. तिथे रसायनशास्त्राच्या सूत्रांपेक्षा नीट विचार मांडण्याची सवय जास्त उपयोगी पडते.

खरं तर माझ्या अनुभवात विज्ञानातून आलेल्यांचंच घोडं इथे जास्त अडतं. त्यांना एक बरोबर उत्तर शोधायची सवय असते. होर्स्ट रिट्टेल आणि मेल्विन वेबर या नियोजनाच्या अभ्यासकांनी १९७३ मध्येच दाखवून दिलं होतं की नियोजनातले अनेक प्रश्न अशा उत्तराला दाद देत नाहीत. प्रश्न नेमका काय आहे यावरच लोकांचं एकमत नसतं. हे पचवायला प्रयोगशाळेतून आलेल्या माणसाला वेळ लागतो.

तरीही विज्ञान वाचता येतं की नाही, हे त्यांना स्वतःलाच कळायला हवं होतं. मी त्यांना सर्वांसाठी खुला असलेला एक पर्यावरणीय परिणाम अहवाल घ्यायला सांगितला. त्याच्या सारांशात तीन रंगांनी खुणा करायच्या: जे प्रत्यक्ष मोजलं आहे ते हिरव्याने, जे गृहीत धरलं आहे ते पिवळ्याने आणि जे कुणाचं तरी मत आहे ते लालने. पुढच्या भेटीत त्या तो सारांश घेऊन आल्या. आवाजाच्या पातळीचे आकडे हिरवे, पुढच्या वर्षांतल्या वाहतुकीचे आकडे पिवळे. आणि "परिणाम नगण्य राहील" हे वाक्य त्यांनी आधी हिरव्याने रंगवून मग त्यावर लाल रेघ ओढली होती.

"नगण्य कोणाच्या मापाने, हे कुठेच लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

अगदी नेमकी जागा पकडली होती. अमेरिकेचा राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा १ जानेवारी १९७० रोजी लागू झाला आणि परिणामांचं मूल्यमापन ही पद्धत तिथून जगभर गेली; १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातही तिला जागा मिळाली. तेव्हापासून आजवर वादाची मुख्य जागा तीच राहिली आहे: एखादा परिणाम लक्षणीय आहे की नाही. मोजणी विज्ञान करतं. लक्षणीय कशाला म्हणायचं हे माणसं ठरवतात, आणि ते कशाच्या आधारावर ठरवलं हे अहवालात लिहिलेलं असावं लागतं. अहवालात काही शब्द त्यांना अडले होते: सांद्रतेची एककं, विश्वासार्हता मर्यादा, भूजलाचा प्रवाह. अशा अडलेल्या शब्दांची यादी हाच प्रवेशाआधीचा अभ्यासक्रम, असं मी त्यांना सांगितलं. संख्याशास्त्राची प्राथमिक ओळख आणि जलविज्ञानाचं एखादं सुरुवातीचं पुस्तक, एवढी तयारी काही महिन्यांत होण्यासारखी असते. त्यासाठी तीन-चार वर्षांची दुसरी पदवी नको.

वाणिज्य शाखेचा उपयोग कुठे होईल, हे त्यांना अजून पटत नव्हतं. मी विचारलं, "शंभर वर्षांनी होणारं १०० एककांचं नुकसान आज किती धरायचं?" त्या हसल्या, कारण वर्तमानमूल्य, म्हणजे पुढच्या काळातल्या रकमेची एका वार्षिक दराने कमी करत काढलेली आजची किंमत, हा त्यांचा रोजचा विषय. वार्षिक ५ टक्के दराने ते एका एककाहूनही कमी भरतं, १.४ टक्के दराने जवळपास २५. हवामानबदलाच्या अर्थशास्त्रावर निकोलस स्टर्न यांचा जो अहवाल २००६ मध्ये ब्रिटन सरकारसाठी तयार झाला, त्यात साधारण १.४ टक्क्यांच्या आसपासचा दर होता. विल्यम नॉर्डहाउस यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी नेमक्या त्याच दरावर आक्षेप घेतला. आज किती तातडीने आणि किती खर्च करायचा, याबद्दलचा त्यांचा मतभेद मोठ्या प्रमाणात त्या एका दरावर उभा होता. अजून न जन्मलेल्यांचं नुकसान किती हलकं धरायचं, हा प्रश्न त्या दरात लपलेला असतो. तो उकलून दाखवू शकणारा माणूस प्रत्येक निर्णयाच्या टेबलाशी हवा, आणि हे काम जीवशास्त्रज्ञापेक्षा हिशेब जाणणाऱ्याला सोपं जातं.

मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. "पण हे सगळं शिकूनही निर्णय शेवटी वरचेच घेणार ना?"

हो, बहुतेकदा तेच घेणार. या अभ्यासक्रमामुळे कुणाला निर्णयाचा अधिकार मिळत नाही, हे मी स्पष्ट सांगते. पण निर्णय टिकतो की कोसळतो, हे वरच्यांच्याही पूर्ण हातात नसतं. १९९५ मधलं ब्रेंट स्पारचं उदाहरण मी त्यांना दिलं. उत्तर समुद्रातली ही तेल साठवण्याची प्रचंड टाकी निकामी झाली होती. ती अटलांटिकच्या खोल पाण्यात बुडवायची, असा शेल या तेल कंपनीचा आराखडा होता. पर्यायांचा तांत्रिक अभ्यास झाला होता आणि ब्रिटिश सरकारची मंजुरीही होती. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचे कार्यकर्ते टाकीवर चढले, जर्मनीत लोकांनी शेलच्या पंपांवर जायचं बंद केलं आणि जूनमध्ये कंपनीने माघार घेतली. पुढे उघड झालं की टाकीत उरलेल्या तेलाचा ग्रीनपीसचा अंदाज खूपच फुगलेला होता. त्यांनी त्याबद्दल माफीही मागितली. अखेर त्या टाकीचे तुकडे नॉर्वेत बंदराच्या धक्क्याच्या बांधकामात वापरले गेले. म्हणजे विरोधकांचा आकडा चुकला, मंजुरी रीतसर होती, तरीही निर्णय उभा राहिला नाही. समुद्रात काय टाकावं आणि काय टाकू नये याबद्दल लोकांना काय वाटतं, हा निकष त्या मूळ तक्त्यात नीट आलाच नव्हता. पुढचा मार्ग ठरवताना शेलनेच बऱ्याच गटांना चर्चेत घेतलं.

लोकांना कधी आणि किती सामील करायचं हा या अभ्यासातला मोठा भाग आहे. शेरी आर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना नुसतं वळवणं, मध्ये माहिती देणं आणि मत विचारणं, वर भागीदारी आणि प्रत्यक्ष सत्ता. आपण हजर राहिलेली एखादी जनसुनावणी त्या शिडीवर कुठे बसते, हे मी त्यांना ठरवायला सांगितलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. पण पुढच्या वेळी त्याबद्दल स्वतःहून बोलायला लागल्या.

आता "मला कोण विचारणार" याबद्दल. परिणाम-मूल्यमापन करणाऱ्या सल्लागार संस्था, स्थानिक प्रशासनाचे नियोजन विभाग, मोठ्या प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या बँकांचे जोखीम विभाग, स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे शाश्वतता विभाग अशा ठिकाणी या अभ्यासाचा उपयोग होतो. पण "पर्यावरणीय निर्णयतज्ज्ञ हवेत" अशी जाहिरात तुम्हाला क्वचितच दिसेल. ही पदवी जुन्या अनुभवावर चढते; नुसत्या तिच्या जोरावर नोकरी मागायला गेलात तर निराशा पदरी येऊ शकते. या बाईंकडे मंजुरी विभागातला अनुभव होता, म्हणून मी त्यांना पुढे जा म्हटलं. पदवी हातात पडताच, कुठलंही काम न केलेल्या मुलाने हेच विचारलं असतं, तर आधी दोन वर्षं कुठल्या तरी प्रकल्पावर काम करून ये, असंच मी सुचवलं असतं.

अर्ज पाठवण्याआधी मी त्यांना काही गोष्टी तपासायला सांगितल्या. प्रत्येक विषयाचा पाठ्यक्रम मागवून वाचा. परीक्षा किती आणि लेखन किती ते पाहा, कारण या विषयात लेखन फार असतं. आधीच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचे विषय मिळवा. शिक्षकांचा खरा कल तिथे कळतो. आणि पूर्ण पदवीऐवजी आधी एकच विषय घेता येत असेल तर तो घ्या. नोकरी सांभाळून आठवड्याचे किती तास निघतात, हे घरी बसून कळत नाही. पहिला निबंध लिहिताना कळतं.

त्यांनी तसंच केलं. एक विषय घेतला, तो निभावला, मग पूर्ण अभ्यासक्रमाला नाव घातलं. सध्या प्रबंध चालू आहे. परिणाम अहवालांत "लक्षणीय" आणि "नगण्य" हे शेरे कशाच्या आधारावर दिले जातात, हा त्यांचा विषय. मार्गदर्शकांनी नमुना निवडीची पद्धत आणखी काटेकोर करायला सांगितली आहे, म्हणून सध्या सुट्टीच्या दिवशी त्या पुन्हा संख्याशास्त्राचं पुस्तक काढून बसतात.