वाचक विचारतात : आल्प्सच्या पोटातला बोगदा

प्रश्न : कोकण रेल्वेने जाताना करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. स्वित्झर्लंडमधला गोथार्ड तळबोगदा, म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या पातळीवरून जाणारा रेल्वे बोगदा, तर 57 किलोमीटरचा. वेगवेगळ्या बाजूंनी खणत आलेले लोक डोंगराच्या पोटात नेमके समोरासमोर येतात कसे?

उत्तर : आधी एक सांगायला हवं, गोथार्ड फक्त दोन टोकांकडून खणलेला नाही. एर्स्टफेल्ड, आम्स्टेग, सेड्रून, फायडो आणि बोडिओ अशा पाच ठिकाणांहून काम चाललं. सेड्रूनला तर आधी सुमारे किलोमीटरभर आडवं खणून मग 800 मीटर खोल विहीर पाडावी लागली.

प्रत्येक तोंडाबाहेर पक्के बिंदू रोवून ते उपग्रहांच्या मदतीने एकमेकांशी जोडून घेतात. कस लागतो तो आत. टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं दुर्बिणीचं यंत्र, एका बिंदूवर लावायचं, मागच्या बिंदूवर दुर्बीण रोखायची, पुढचा ठरवायचा, असं करत दिशा पुढे न्यायची. कोनात एका सेकंदाची, म्हणजे अंशाच्या 3600व्या भागाची चूक राहिली, तरी 10 किलोमीटरवर रेघ जवळजवळ 5 सेंटिमीटर सरकते. शिवाय भिंतीलगतची हवा मधल्या हवेपेक्षा कमी-जास्त गरम असते, त्यामुळे प्रकाशाची रेघ किंचित वाकते. सगळे बिंदू एकाच भिंतीला खेटून घेतले, तर हा बाक दर टप्प्याला त्याच बाजूला साचत जातो. म्हणून मधूनमधून जायरो थिओडोलाइट लावतात. पृथ्वीच्या फिरण्यावरून तो खरी उत्तर दिशा स्वतंत्रपणे शोधतो, मागच्या मोजमापांवर विसंबत नाही. डोंगराच्या वस्तुमानाने ओळंबाही जरासा ओढला जातो, तेही हिशेबात धरावं लागतं.

15 ऑक्टोबर 2010 रोजी बोगद्याच्या दोन समांतर नळ्यांपैकी पूर्वेकडच्या नळीतली शेवटची भिंत फुटली, तेव्हा चूक आडवी 8 सेंटिमीटर आणि उभी 1 सेंटिमीटर निघाली. आम्हाला हे या कामातलं सर्वांत देखणं यश वाटतं.

प्रश्न : एवढी प्रचंड यंत्रं हाताशी असताना काही भागात सुरुंग का लावले?

उत्तर : मुख्य नळ्यांचा सुमारे 80 टक्के भाग यंत्रांनीच पोखरला. पण सेड्रूनच्या उत्तरेला खडक इतका चुरडलेला आहे, की पोकळी केली की तो चहूबाजूंनी आत सरकू लागतो. अशा जागी यंत्राचं अंग आवळलं जाऊन ते अडकण्याची भीती असते. ताठ पोलादी कडं बसवावं, तर ते वाकतं. म्हणून मुद्दाम मोठं खणलं आणि सरकत्या कमानी बसवल्या. कमानीचे पन्हळीसारखे तुकडे टोकाशी एकमेकांत बसवून पकडींनी आवळलेले असतात. दाब वाढला की तुकडे एकमेकांत घसरतात. कडं लहान होतं, तरी डोंगराला रेटा देत राहतं. हालचाल मंदावल्याचं मोजून खात्री झाली की मगच आतलं काँक्रीट ओततात. घाई केली तर त्याला तडे जातात.

प्रश्न : वर बर्फ असताना आत उकाडा का?

उत्तर : बोगद्यावर कुठे कुठे 2300 मीटर खडक आहे. जमिनीत खोल जावं तसं तापमान वाढतं, त्यामुळे खडक 46 अंशांपर्यंत तापलेला होता. त्यात यंत्रांची उष्णता वेगळीच. कामाच्या जागी 28 अंशांची मर्यादा पाळायची होती, म्हणून नुसती हवा खेळवून भागलं नाही. नळांतून गार पाणी थेट खोदकामाच्या तोंडापर्यंत न्यावं लागलं.