पेम नटाला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे की पत्र्यात किंवा सर्किट बोर्डात प्रेसने दाबून बसवतात त्या नटाला मराठी शब्द काय, 'दाबनट' चालेल का.

चालेल की, पण मला नाही पटत. एकतर दाबनट म्हटलं की नाटक कंपनीतला कोणीतरी वाटतो, आणि दुसरं म्हणजे दाबणं हे बसवतानाचं काम झालं, नंतर तो नट धरून कशाने राहतो ते त्यात येतच नाही. वर्कशॉपमध्ये विचाराल तर पेम नट. हे खरं ब्रँडचं नाव, १९४२ साली सुरू झालेल्या पेन्सिल्व्हेनियातल्या कंपनीचं, पण डालडा-झेरॉक्ससारखं झालंय, माल कुणाचाही असो, म्हणायचं पेमच.

आता तो धरतो कसा ते बघा म्हणजे शब्द आपोआप सापडतो. १ मिमी पत्र्याला एम४चे, म्हणजे ४ मिमी जाडीच्या स्क्रूचे, आटे पाडायला गेलात तर दोन आट्यांमधलं अंतरच ०.७ मिमी, म्हणजे धड दीड आटासुद्धा मिळत नाही, जरा जोरात आवळलं की आटे गेलेच. म्हणून हा नट. त्याला एक दातेरी कडं असतं आणि त्याच्याजवळ बारीक खाच. प्रेसचा दाब आला की ते कडं पत्र्यात घुसतं आणि पत्रा नटापेक्षा मऊ असल्यामुळे न तापवताच सरकत जाऊन खाचेत भरतो. खाच नटाला निसटू देत नाही आणि दाते फिरू देत नाहीत. वेल्डिंग नाही, रिपिटासारखं तोंड फुलवणं नाही, नट जसाच्या तसा, आकार बदलतो तो पत्र्याचा. सोनार खडा बसवतो तेव्हा हेच करतो ना, खड्याला धक्का नाही, भोवतीचं सोनं दाबून त्याला धरायला लावायचं. म्हणून माझं मत 'कोंदण नट'.

पण हा शब्द बोर्डाला लावू नका. काच-इपॉक्सीचा बोर्ड पत्र्यासारखा सरकत नाही, तडकतो. तिथला नट वेगळा असतो, त्याच्या अंगावरचे उभे दाते भोकाच्या भिंतीत कापत आत जातात आणि तिथेच अडकून बसतात. त्याला इंग्रजीवाले ब्रोचिंग म्हणतात, आपल्याकडे 'रुतणं' हे क्रियापद आहेच, काटा रुततो तसं, मग 'रुतता नट' म्हणा. दोन्हींना एकच शब्द शोधत बसलात तर पंचाईत होईल.

आणि क्रियापदाचं म्हणाल तर सगळे 'पेम मारून घे' असंच म्हणतात, स्क्रू मार, रिपिट मार तसं. नवीन असताना मी ते शब्दशः घेऊन हातोडीने दोन नट मारले होते, दोन्ही स्क्रूबरोबर गरागरा फिरायला लागले, कारण ठोक्याने नट तिरका जातो आणि पत्रा खाचेत नीट भरत नाही. तेव्हा क्रियापद म्हणून तुमचं 'दाबणं'च ठेवा, तिथे ते अगदी बरोबर आहे.