स्फोटकांच्या कारखान्यातली नोकरी मुलगी नाकारतेय

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. नागपूरजवळ औद्योगिक स्फोटकांच्या कारखान्यात तिला क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरी मिळतेय. पण भारतात बनलेले डिटोनेटर, म्हणजे स्फोटाची सुरुवात करून देणारे छोटे भाग, ‘इसिस’कडे सापडले होते, असं तिने वाचलंय आणि ती नाही म्हणते. तिला समजवा. – एक वडील, नागपूर

उत्तर : नमस्कार. समजवायचं कसं? तिने वाचलंय ते खरं आहे. ‘कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च’ या संस्थेच्या २०१६ च्या अहवालात ‘इसिस’च्या बॉम्बमधल्या सुट्या भागांचा माग काढलाय. त्यात ७ भारतीय कंपन्यांचा माल होता : डिटोनेटर, सेफ्टी फ्यूज, खाणकामाला रोज लागतात त्याच वस्तू. माल रीतसर परवान्यावर लेबनॉन आणि तुर्कस्तानला गेला आणि तिथून पुढे भलतीकडे वळला. इथे कुणी कायदा मोडला नाही, तरी तिथे माणसं मेली. हे वाचून पोरीची झोप उडाली असेल, तर मला तिचं कौतुकच वाटतं.

शस्त्रांचीही तीच गत. याच संस्थेने २०१७ मध्ये दाखवून दिलं, की युरोपियन संघात बनलेलं एक रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र अमेरिकेला विकलं गेलं, सीरियाच्या युद्धातल्या एका गटाला मिळालं आणि कारखाना सोडल्यापासून दोन महिन्यांच्या आत इराकमध्ये ‘इसिस’कडे पोचलं होतं.

हे कळलं कसं, ते तिला जरूर सांगा. रणभूमीवर क्षेपणास्त्राची एक रिकामी नळी सापडते. तिच्यावरची धूळ पुसून, छापलेला अनुक्रमांक आणि लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) यांचा फोटो काढून उत्पादकाला पत्र जातं : हा माल कुणाला विकला होता? उत्पादकाने नोंदी चोख ठेवल्या असतील, तरच पुढचा धागा हाती लागतो. लॉट नंबरच्या या नोंदी क्वालिटी कंट्रोलच्या टेबलावरूनच जातात, म्हणून ही नोकरी मी लगेच मोडीत काढणार नाही. मुलाखतीत तिने सरळ विचारावं : लॉटच्या नोंदी किती वर्षं ठेवता? परदेशातला खरेदीदार कोण तपासतं? उत्तर देताना टाळाटाळ झाली, तर तिचा नकार योग्यच आहे आणि तुम्ही तिच्या पाठीशी उभं राहा.

दुसरी वाट तर तुमच्याच शहरात आहे. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय नागपुरात आहे. तिथल्या अधिकारीपदांची भरती यूपीएससी करते. जाहिरातीतली पात्रता आधी वाचा, मग एम.एस्सी.चं ठरवा. निर्यात-नियमनात जायचं असेल, तर ‘स्कोमेट’ यादी, म्हणजे निर्यातीला परवाना लागणाऱ्या संवेदनशील वस्तूंची सरकारी यादी, तिने आतापासून चाळावी. रसायनशास्त्र येणारा माणूस तिथे उपयोगी पडतो. शस्त्रांचा माग काढण्याच्या कामाकडे वळायचं असेल, तर पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिक शास्त्राचं एम.ए. आहे, रशियनही शिकता येतं. जगभर फिरणाऱ्या कितीतरी शस्त्रांवरचा मजकूर रशियन लिपीत असतो.

पगाराचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. घरी पैशांची निकड असेल, तर तेही मोकळेपणाने कळवा, सल्ला त्याप्रमाणे बदलेल. आणि पुढचं पत्र तिला स्वतःला लिहू द्या.