हंटिंगसाठी सॅटेलाइट कम्युनिकेटर जरूर घ्या, पण भारतात येताना तो तिकडेच ठेवा

तुमचा मोठा मेसेज वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही डेन्व्हरला एच-वन-बी व्हिसावर नोकरी करता, नोव्हेंबरात ऑफिसातल्या मित्रांबरोबर मोंटानाला एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जाणार आहात, तिथे रस्ता संपला की पुढे रेंज नाही म्हणून सॅटेलाइट कम्युनिकेटर, म्हणजे उपग्रहावरून मेसेज पाठवणारा छोटा डबा, घ्यायचाय. डिसेंबरात चुलतभावाच्या लग्नाला मुंबईमार्गे गोव्याला आणि मग पुण्याला येणार, तेव्हा सह्याद्रीतल्या ट्रेकलाही तोच वापरता येईल असा विचार आहे. पुण्याच्या ट्रेक ग्रुपमधल्या मित्रानं अजून एक आणायला सांगितलाय. आणि तुमचे मेव्हणे म्हणतात, बॅगेत तळाला टाक, कोण बघतंय.

बघतात हो. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी एअरपोर्टवर एका कॅनेडियन धावपटू बाईंच्या सामानात गार्मिन कंपनीचं इनरीच, म्हणजे असाच कम्युनिकेटर, सापडला, पोलीस केस झाली, जामीन, वकील, कोर्ट सगळं झालं. त्या कोचीला निघाल्या होत्या, म्हणजे देशात येताना नाही तर देशातल्या देशात विमान पकडताना त्या अडकल्या. हे नीट लक्षात घ्या, कारण लोकांचा गैरसमज असा की मुंबईला कस्टम्समधून बाहेर पडलो की सुटलो. तुम्हाला मुंबई-गोवा आणि गोवा-पुणे अशी दोन डोमेस्टिक विमानं आहेत, दोन्ही ठिकाणी बॅग एक्स-रेमधून जाणार, आणि तो अँटेनावाला डबा बघून तिथला जवान "ये क्या है?" विचारणार. त्यावेळी "सर, हा फोन नाहीये, फक्त मेसेज जातात" या उत्तराचा काही उपयोग नाही.

कारण कायदा फोन आणि मेसेंजर असा फरक करत नाही. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी अ‍ॅक्टच्या कलम ३ प्रमाणे वायरलेस यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, वापरलंच पाहिजे असं नाही, बंद करून सॉक्समध्ये गुंडाळून ठेवलेलं असलं तरी. ट्रान्समीटर असेल तर कलम ६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इनरीच, झोलिओ, स्पॉट हे कम्युनिकेटर आणि पीएलबी (संकटात फक्त हाक पाठवणारा बीकन), ही सगळी यंत्रं वर उपग्रहाकडे सिग्नल पाठवतात, म्हणजे सगळेच ट्रान्समीटर. २०२३ चा नवा टेलिकम्युनिकेशन्स अ‍ॅक्ट जुन्या कायद्यांची जागा टप्प्याटप्प्यानं घेतोय, पण रेडिओ यंत्र जवळ ठेवायला सरकारची परवानगी किंवा सूट लागते हे त्यातही तसंच आहे, त्यामुळे कुणी "नवीन कायद्यात चालतं" म्हणालं तर विश्वास ठेवू नका. कुबेर बोटीवर सॅटेलाइट फोन सापडला होता, २६/११ च्या त्या तपासानंतर आपल्याकडे या बाबतीत कुणीही ढिलाई दाखवत नाही, आणि मला तरी त्यात चूक वाटत नाही.

हजार रुपये दंड ऐकून तुम्हाला वाटेल एवढंच ना, भरू. इथेच लोक फसतात. "तीन वर्षांपर्यंत" अशी शिक्षा असलेल्या गुन्ह्यात जामीन हक्कानं मिळतो की कोर्टाकडे मागावा लागतो यावर वाद असतो, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं कॉपीराइटच्या निट प्रो केसमध्ये अशाच शब्दांचा अर्थ अजामीनपात्र असा लावलाय आणि सरकारी वकील तो निकाल पुढे करतो. हो, सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, हे सुप्रीम कोर्टाच्या अर्नेश कुमार निकालापासून ठरलेलं आहे आणि आता फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे बीएनएसएसच्या, कलम ३५ मध्ये आहे, त्यामुळे योग्य वकील असेल तर बऱ्याचदा नोटिशीवर भागतं. पण तुमची सुट्टी तीन आठवड्यांची. एफआयआर झाली, पासपोर्ट जमा करायला सांगितला, देशाबाहेर जायला कोर्टाची परवानगी घ्या म्हणाले, की परतीचं तिकीट गेलं. आणि पुढच्या व्हिसा स्टँपिंगला डीएस-१६० फॉर्मवर कधी अटक झाली होती का हा प्रश्न आहेच, तिथे खरं लिहावं लागतं आणि मग वर्षानुवर्षं कोर्टाचे कागद जोडत बसावं लागतं. एका डब्यापायी हे ओढवून घेऊ नका, कळकळीनं सांगते.

कस्टम्सला जाहीर केलं तर चालेल का, हे तुम्ही विचारलंय. जाहीर केल्यानं परवाना मिळत नाही. पण समजा विमान मुंबईला उतरताना आठवलं की अरे, डबा बॅगेतच राहिला, तर ग्रीन चॅनेलनं (जाहीर करण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यांच्या वाटेनं) बिलकूल बाहेर पडू नका. रेड चॅनेलला जा, डिक्लेरेशनमध्ये स्पष्ट लिहा, आणि कस्टम्स अ‍ॅक्ट १९६२ च्या कलम ८० खाली हे ताब्यात ठेवून घ्या, परत जाताना द्या अशी लेखी विनंती करा. प्रवाशानं खरं जाहीर केलेली वस्तू आयातीला बंदी असलेली असली तरी अधिकारी ती अशी ठेवून घेऊ शकतो. पावती घ्या, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, आणि परतीचं विमान त्याच एअरपोर्टवरून आहे ना ते बघा. ही पळवाट नाही, चुकून आणलेल्या माणसानं प्रामाणिकपणे वागायची वाट आहे. ठरवून आणायचं आणि कलम ८० वर भरवसा ठेवायचा असं करू नका, सोडायचं की पुढे पोलिसांना कळवायचं हे त्या अधिकाऱ्याच्या हातात असतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, कुठला घेऊ. भारतात आणायचाच नाही हे एकदा ठरलं की निवड सोपी होते, कारण मग फक्त मोंटानाचा विचार करायचा.

मी म्हणेन दोन्हीकडून मेसेज जाणारा-येणारा घ्या. पीएलबीला सबस्क्रिप्शन लागत नाही, ४०६ मेगाहर्ट्झवर सिग्नल जातो, बॅटरी वर्षानुवर्षं टिकते, अमेरिकेत तो नोआकडे (तिथल्या सरकारी हवामान आणि सागर संस्थेकडे) रजिस्टर करणं बंधनकारक आहे, वस्तू भरवशाची आहे. पण तो फक्त हाक मारतो, पाय मोडलाय की अस्वलानं धरलंय की मित्र नुसता वाट चुकलाय हे सांगता येत नाही. स्पॉट जेन फोरचंही तसंच, मेसेज जातो, उत्तर येत नाही. गार्मिनचं इनरीच मिनी टू किंवा इनरीच मेसेंजर, नाहीतर झोलिओ, ही तिन्ही इरिडियम कंपनीच्या ६६ उपग्रहांच्या जाळ्यावर चालतात, आकाश मोकळं असेल तर पृथ्वीवर कुठूनही. एसओएस दाबलं की समोरून माणूस लिहितो, काय झालंय, किती जण आहात, रक्त थांबलंय का. मिनी टू १०० ग्रॅमचं आहे, मेसेंजर ११४ ग्रॅमचं पण त्याची बॅटरी बरीच जास्त टिकते, आणि नोव्हेंबरच्या थंडीत बॅटरी हाच खरा प्रश्न म्हणून मी असते तर मेसेंजर घेतला असता. आयफोन १४ पासून पुढे उपग्रहावरून एसओएस अमेरिकेत चालतं, ते दुसरा आधार म्हणून ठेवा, एकमेव म्हणून नको, फोन उपग्रहाच्या दिशेनं धरून उभं राहावं लागतं आणि थंडीत फोन बंद पडतात. तो आयफोन मात्र भारतात बिनधास्त आणा, फोन कायदेशीर आहे, ती सॅटेलाइटची सोय इथे चालूच होत नाही. घड्याळातच इनरीच बसवलेलं फेनिक्स ८ प्रो घेतलंत तर ते मात्र मनगटावर घालून इकडे येऊ नका.

अकाउंट उघडताना इमर्जन्सी कॉन्टॅक्ट विचारतात. तिथे कृपा करून पुण्याच्या आईबाबांचा नंबर टाकू नका. तिकडे दुपार म्हणजे इकडे मध्यरात्र, परक्या नंबरवरून इंग्रजीत कुणीतरी "तुमच्या मुलानं एसओएस दाबलंय, तो कुठल्या वाटेनं गेला होता?" विचारणार, ते घाबरून जातील नाहीतर फ्रॉड कॉल समजून ठेवून देतील. डेन्व्हरमधला असा मित्र निवडा जो शिकारीला येत नाहीये, आणि त्याच्याकडे गाडी कुठे लावणार, कॅम्प कुठे, परत कधी, सोबत कोण हे लिहून ठेवा. आईला ट्रॅकिंगची लिंक पाठवा, ती पुण्यात बसून मोबाइलवर बघू दे, त्यात इथल्या कायद्याचं काही आडवं येत नाही.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाहीत आणि जी मला जास्त महत्त्वाची वाटते. मोंटानात शिकार करताना टू-वे कम्युनिकेशन वापरून जनावर शोधायला मनाई आहे. फोन, टेक्स्ट, रेडिओ सगळं त्यात येतं आणि सॅटेलाइट मेसेज काही वेगळा नाही. तपासणी नाके किंवा शिकारीवर लक्ष ठेवणाऱ्या वॉर्डनला चुकवायलाही ते वापरता येत नाही. म्हणजे "मी ठीक आहे, सहाला कॅम्पवर येतो" चालेल, "पाय मुरगळला, घ्यायला या" चालेल, पण "कळप तुझ्या बाजूच्या खिंडीतून उतरतोय, तयार राहा" हा मेसेज पाठवलात तर गुन्हा. आणि तुमच्या मित्रांना हे कदाचित किरकोळ वाटेल, पण तो मेसेज वेळ आणि लोकेशनसकट कंपनीच्या सर्व्हरवरून जातो, तोंडी बोलण्यासारखा हवेत विरत नाही. तुम्ही व्हिसावर आहात, तुम्हाला किरकोळ गुन्हाही परवडत नाही. निघायच्या आधी गाडीतच तिघांनी ठरवा की डब्यावर फक्त माणसांबद्दल बोलायचं, जनावरांबद्दल नाही.

व्हिसावरून आठवलं, रायफल मित्राची वापरणार असं तुम्ही लिहिलंय. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक हातात घ्यायलाच मनाई आहे, मित्राची असली तरी. त्याला अपवाद आहे, तिथल्या एखाद्या राज्यानं दिलेलं वैध हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असेल तर. म्हणून मोंटानाचं लायसन्स हातात येण्याआधी रेंजवर प्रॅक्टिस म्हणूनही ती रायफल उचलू नका, आणि लायसन्सची मुदत नेमकी कधी संपते ते बघून ठेवा. हे तिकडच्या इमिग्रेशन वकिलाकडून लेखी घ्या, ईमेल जपून ठेवा.

आणि शिकारीची सॅक घेऊन भारतात येऊ नका. नुसता कम्युनिकेटर काढून भागत नाही. अशा सॅकच्या कंबरपट्ट्याच्या खिशात, आतल्या जाळीत, रेनकव्हरच्या कप्प्यात एखादं काडतूस राहून जातं आणि ते दिल्ली-मुंबईच्या एक्स-रेवर लख्ख दिसतं. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ च्या कलम २५ खाली एका काडतुसावर पण केस होते, बंदूक नसली तरी. जाणीवपूर्वक ताबा नव्हता हा बचाव सुप्रीम कोर्टानं मान्य केलेला आहे आणि हायकोर्टं अशा केसेस रद्द करतात, पण रद्द होईपर्यंत तुम्ही इथेच. शिवाय मित्रांनी दिलेले वॉकी-टॉकी, ते अमेरिकेतल्या ४६२-४६७ मेगाहर्ट्झवर चालतात, आपल्याकडे परवान्याशिवाय फक्त ४४६ च्या छोट्या बँडवरच्या कमी ताकदीच्या सेटना मुभा आहे, तेव्हा तेही तिकडेच. लग्नाला येताना सरळ दुसरी बॅग घ्या.

राहिला पुण्याचा मित्र. त्याला नाही म्हणून सांगा आणि कारणही सांगा, कारण तो डबा त्याच्या हातात गेला की बाळगल्याचा गुन्हा त्याच्याही नावावर, आणि एखाद्या दिवशी खरंच अपघातात त्यानं एसओएस दाबलं तर यंत्र कुठून आलं हा प्रश्न नंतर येणारच. सह्याद्रीत बहुतेक गडांच्या माथ्यावर कुठल्या ना कुठल्या कंपनीची रेंज मिळते, अडचण घळीत आणि जंगलात असते, म्हणून ग्रुपमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा, पायथ्याच्या गावात पोलीस पाटलाला किंवा जिथे चहा प्यायलात त्या घरी परतीची वेळ सांगून जा, ११२ आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू दे. रेस्क्यूची ही मुलं रात्री-अपरात्री दोर घेऊन दरीत उतरतात, त्यांना नेमकी जागा कळली की निम्मं काम झालं. आणि ग्रुपला हिमालयातल्या मोहिमेसाठी खरोखर सॅटेलाइट फोन लागणार असेल तर बीएसएनएलची इनमारसॅटच्या उपग्रहांवरची अधिकृत सेवा आहे. खर्चिक आहे, कागदपत्रं लागतात, पण परवानगीची आहे. मित्राला अर्ज करू दे, भरलेला फॉर्म मला पाठवला तर सही करण्याआधी वाचून देते.